काळजी ओळखायला शिकलेली माणसं

‘अंगावरून पांढरं जातं’ ही बायकांची तक्रार आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात रोज ऐकू येते. ऐकणारा डॉक्टर बहुधा मान वर न करताच चिठ्ठी लिहितो. प्रतिजैविकं, बुरशीवरची एखादी गोळी, जमलंच तर नवऱ्यालाही औषध. बाई गोळ्या संपवते आणि महिन्याभराने पुन्हा त्याच बाकावर येऊन बसते.

या शतकाच्या सुरुवातीला गोव्यात काही संशोधकांनी या तक्रारीचा पाठपुरावा केला. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांना त्यांनी गाठलं, प्रश्न विचारले, तपासण्याही केल्या. सातातल्या एकीला ही तक्रार होती. तपासण्यांचे निकाल हाती आले तेव्हा दिसलं, की जंतुसंसर्गाशी या तक्रारीचं नातं अगदीच सैल आहे. घट्ट नातं होतं ते मनावरच्या ताणाशी, घरातल्या जाचाशी आणि उदासीशी. मला या अभ्यासातली सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट पुढेच आहे. ‘हे कशामुळे होतं असं तुम्हाला वाटतं?’ असं बायकांना विचारलं, तेव्हा ज्यांना तक्रार होती त्यांतल्या सर्वाधिक जणींनी ताण आणि मनाची अवस्था हे कारण सांगितलं. त्याखालोखाल अंगातली उष्णता आणि त्याच्याही खाली संसर्ग. म्हणजे बायकांना ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

२००५ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास ज्या गटाने केला, त्यात डॉ. विक्रम पटेल होते. मुंबईत जन्मलेल्या या मनोविकारतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये गोव्यात ‘संगत’ ही संस्था उभी केली. दैनंदिन ताण आणि काळजी यांच्याबद्दल आज आपल्याला जे कामाचं ज्ञान आहे, त्यातला बराच भाग गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत, नाशिकच्या पेठ तालुक्यात आणि अमरावतीच्या खेड्यांत तयार झालेला आहे. मराठी वाचकाला मात्र तो अजूनही परदेशी पुस्तकांच्या अनुवादांतून किंवा मोबाइलवरच्या सुविचारांतून भेटतो. म्हणून हा लेख.

आधी ओळखण्याबद्दल. काळजी बहुतेकांना स्वतःची स्वतःला दिसत नाही. दिसतं ते अंग. बँकेत काम करणाऱ्या गृहस्थांना रात्री छातीत धडधडतं, ईसीजी काढला जातो, तो नॉर्मल येतो. कॉलेजातल्या मुलाला पेपरच्या सकाळी तीनदा संडासला जावं लागतं. सुनेचं डोकं रविवारीच दुखतं, कारण रविवारी सगळे घरी असतात. कुणी पित्ताची गोळी सकाळी उपाशीपोटी वर्षानुवर्षं घेतं आहे. ती सुरू कशाने झाली, हे गोळी लिहून देणाऱ्यालाही आता आठवत नाही. मान आखडते, जबडा घट्ट मिटून राहतो, झोप लागते पण तीन वाजता मोडते. बारीकसारीक कारणावरून मुलांवर ओरडणं होतं आणि मग स्वतःचाच राग येतो. यातलं काही ना काही घेऊन माणूस डॉक्टरकडे जातो. तिथे त्याला जे वाक्य ऐकायला मिळतं, त्याने तो अधिकच खचतो: ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही.’ डॉक्टरला वाटतं आपण धीर दिला. रुग्णाला ऐकू येतं की, तुम्ही नाटक करता आहात.

नाटक नाही, हे शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. हार्वर्डमधले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन एक्स-रेचा शोध नवा होता त्या काळात मांजरांच्या पचनाचा अभ्यास करत होते. बिस्मथ मिसळलेलं अन्न पोटात सरकताना पडद्यावर दिसायचं. मांजर घाबरलं किंवा चिडलं, की जठराची हालचाल थांबायची. ते शांत झालं की पुन्हा सुरू. त्यातून पुढे १९१५ मध्ये त्यांनी भीती आणि राग यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवर ग्रंथ लिहिला. धोका जाणवला की मेंदू अ‍ॅड्रिनल ग्रंथींना इशारा देतो. हृदय जोरात चालतं, रक्त स्नायूंकडे वळतं, पचन तात्पुरतं बंद होतं. पळायचं किंवा लढायचं असेल तर ही उत्तम सोय आहे. गृहकर्जाच्या हप्त्यापासून मात्र पळताही येत नाही आणि त्याच्याशी हातघाईची लढाईही करता येत नाही. धोका संध्याकाळी संपत नाही, तो पुढच्या पाच तारखेपर्यंत चालू राहतो. तेवढे दिवस शरीर तयारीत उभं राहतं. पोटात गोळा येतो, तो खराच येतो.

इथे एक सावधगिरी. धडधड, थकवा, हातापायांचं कापरं ही थायरॉइडची लक्षणंही असतात आणि रक्त कमी असल्याचीही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हा बाईला थकवा आहे म्हणताच ‘टेन्शन घेऊ नका’ सांगणारा डॉक्टर हाही दुसऱ्या टोकाचा आळशीच. तपासण्या कराव्यातच. त्या नॉर्मल आल्यावर प्रश्न विचारायचे असतात, आणि तिथेच आपल्याकडे खुर्ची मागे सरकवली जाते.

ताण येतो कशाने, याबद्दल आपली एक समजूत असते. मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं अशा मोठ्या घटना माणसाला मोडतात. १९६७ मध्ये होम्स आणि राहे या अमेरिकन संशोधकांनी अशा ४३ घटनांची यादीच केली आणि प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, घटस्फोटाला ७३, लग्नाला ५०. नाताळालाही त्यांनी १२ गुण दिले आहेत. दिवाळीला किती द्यावेत, हे हा लेख वाचणाऱ्यांनी आपापसांत ठरवावं. चकल्या कोणी तळल्या त्यावर ते अवलंबून राहील. पण पुढे १९८१ मध्ये रिचर्ड लॅझरस यांच्या गटाने वेगळीच मोजणी केली. कॅलिफोर्नियातल्या शंभर मध्यमवयीन माणसांच्या रोजच्या कटकटी त्यांनी दहा महिने टिपल्या. वाढतं वजन, घरातल्या कुणाचं तरी आजारपण, वस्तूंचे चढे भाव, घराची डागडुजी, हाताशी असलेल्या वेळात न मावणारी कामं, वस्तू हरवणं. माणसाची मनःस्थिती कशी राहील याचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या किरकोळ कटकटींवरून अधिक चांगला बांधता येतो, असं त्यांना दिसलं. त्या यादीतली अंगणातल्या गवताची काळजी काढून नळाला पाणी कधी येणार ही घातली, की यादी डोंबिवलीची होते.

दुसरी समजूत अशी की, टेन्शन मोठ्या साहेबाला असतं, शिपायाला काय. लंडनमध्ये १९६७ पासून सुमारे अठरा हजार सरकारी नोकरांचा पाठपुरावा झाला. व्हाइटहॉल अभ्यास म्हणून तो ओळखला जातो. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत खालच्या श्रेणीतल्या निरोप्या-दरवानांत सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त होतं. विड्या-सिगारेटी, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही सगळा फरक भरून निघेना. सर मायकेल मार्मट यांच्या पुढच्या अभ्यासांत एक धागा हाती लागला: आपल्या कामावर आपलं किती चालतं. साहेबाकडे काम जास्त असतं, पण कोणतं आधी करायचं ते तो ठरवतो. ज्याला रजेसाठीही हात जोडावे लागतात, त्याच्या अंगावर ताण वेगळा बसतो. सकाळची विरार लोकल गाठणारा माणूस, लेकीच्या शाळेच्या वेळेशी सासूच्या औषधांची वेळ जुळवणारी बाई, शिफ्ट रोज बदलणारा सुरक्षारक्षक, हे सगळे याच रांगेत आहेत. हे लक्षात ठेवायला हवं, कारण ताणावरचा बहुतेक सल्ला साहेब लोकांसाठी लिहिलेला असतो. महिन्यातून एकदा निसर्गात जा, म्हणे.

मग मार्ग काय? मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं म्हणावं, तर भारतात लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ भरत नाही, आणि आहेत त्यांतले बहुतेक शहरांत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला तरी मानसिक आजार होता. (बारा राज्यांच्या त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता.) गोव्यातल्या मंडळींनी या टंचाईकडे उलट बाजूने पाहिलं. तज्ज्ञ नाहीत, तर हे काम तज्ज्ञाशिवाय होतं का?

पहिला मोठा प्रयोग ‘मानस’ नावाचा. ‘मनशांती सुधार शोध’ या नावाचं ते लघुरूप. बारा सरकारी आणि बारा खासगी दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांना चिंता किंवा नैराश्य आहे असे २,७९६ जण त्यात घेतले. निम्म्या दवाखान्यांत एक नवं माणूस बसलं: आरोग्य समुपदेशक. ही माणसं मानसशास्त्राची पदवीधर नव्हती. रुग्णाची लक्षणं आणि त्याच्या आयुष्यातल्या अडचणी यांचा संबंध त्याच्यासमोर मांडायचा, श्वासाचा साधा व्यायाम शिकवायचा, गरज पडली तर पुढची पायरी गाठायची, असं त्यांचं काम होतं. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले. सरकारी केंद्रांत आजाराचं निदान पक्कं झालेल्यांपैकी समुपदेशक असलेल्या ठिकाणी ६५.९ टक्के बरे झाले, नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फारसा फरक पडला नाही. हा निकाल मला जास्त विचार करायला लावतो. गावातला खासगी डॉक्टर बहुधा तोच असतो, घर ओळखतो, ‘धाकट्याचं लग्न जमलं का?’ हे विचारतो. सरकारी केंद्रातल्या गर्दीत जे बाहेरून आणावं लागलं, ते तिथे थोडंफार आधीपासूनच असावं, असा माझा तर्क आहे. आपला फॅमिली डॉक्टर हळूहळू नाहीसा होतो आहे, त्याच्याबरोबर हेही जातं आहे.

त्यानंतरचा प्रयोग अधिक धीट होता. तीव्र नैराश्य असलेले रुग्ण, गोव्यातली दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, आणि समुपदेशक म्हणून निवडलेली किमान दहावी झालेली स्थानिक माणसं. प्रशिक्षण तीन आठवड्यांचं, मग हाताखाली उमेदवारी. आठवड्याला एक याप्रमाणे सहा ते आठ भेटी, प्रत्येक भेट तीस-चाळीस मिनिटांची, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर होते; न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. वर्षानेही फायदा टिकून होता.

या भेटींत होतं काय? ऐकणाऱ्याची निराशा होईल इतकं साधं. उदास माणूस हळूहळू कामं टाकत जातो. बचतगटात जायचं थांबतं, देवळाच्या पारावर बसणं थांबतं, परसातली मिरची वाळते. टाकलेल्या प्रत्येक कामाबरोबर थोडा आनंद आणि थोडी माणसं जातात, मग उदासी वाढते, मग आणखी एक काम सुटतं. समुपदेशक या साखळीवर बोट ठेवतो. गेल्या आठवड्यात कोणत्या दिवशी काय केलं आणि तेव्हा कसं वाटत होतं, हे रुग्णाकडून मांडून घेतो. मग दोघं मिळून एक छोटं काम निवडतात. नेमकं कुठलं, कोणत्या वारी, किती वाजता, कुणाबरोबर. ‘जरा बाहेर पडत जा’ असं मोघम सांगण्यात आणि ‘बुधवारी चारला मावशीकडे जाऊन एक चहा’ यात फार अंतर आहे. पुढच्या भेटीत विचारायचं, गेलात का? नाही गेलात तर का? आड काय आलं? मन प्रसन्न झालं की कामाला लागू, असं आपण सगळेच म्हणतो. इथे क्रम उलटा धरला जातो: आधी काम, प्रसन्नता मागाहून आली तर आली.

समुपदेशक ‘सकारात्मक विचार करा’ असं कुठेही सांगत नाही. हे मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. या सल्ल्याइतका निरुपयोगी सल्ला आपल्या समाजात दुसरा नसेल. ज्याला तो दिला जातो त्याच्या डोक्यावर मूळ काळजी असतेच, वर सकारात्मक न होता आल्याची लाज चढते.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात काम आणखी एक पायरी खाली उतरलं. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा उपक्रम चालवला. दवाखानाच नाही, कार्यकर्ते निवडले ते गावातल्याच बचतगटांतून आणि शेतकरी मंडळांतून. काहींनी ‘मित्र’ म्हणून फक्त हेरायचं: कोण गप्प झालं आहे, कोण बैठकीला यायचं थांबलं आहे, कुणाच्या घरी चूल उशिरा पेटते. काही जण त्यापुढे जाऊन त्या माणसाला चार-सहा वेळा भेटायचे, ऐकून घ्यायचे, अडचण सोडवायला हात लावायचे. बेकारी, घरातली भांडणं, दारू अशा विषयांवर छोट्या चित्रफिती तयार केल्या होत्या, त्या मोबाइलवर दाखवायच्या. फीत पाहिल्यावर माणूस पडद्यावरच्या बाईबद्दल बोलू लागतो आणि चार वाक्यांनी स्वतःवर येतो.

या उपक्रमातली मला पटलेली गोष्ट समुपदेशनाच्या बाहेरची आहे. या कार्यकर्त्यांना सरकारी योजनांची माहिती दिली होती आणि अर्ज भरायला मदत करणं हाही त्यांच्या कामाचाच भाग होता. पेठ हा आदिवासी तालुका. पाऊस संपला की माणसं कामासाठी बाहेर पडतात. नवरा गेलेल्या बाईची रात्रीची झोप संजय गांधी निराधार योजनेचे पैसे खात्यात पडायला लागल्यावर सुधारणार असेल, तर तिला दीर्घ श्वास शिकवून थांबणं ही चेष्टा ठरते. कागद अडला असेल तर तलाठ्याकडे जावं लागतं. दैनंदिन ताणाचा मोठा हिस्सा अशा अडलेल्या कागदांचा आहे. पुढे हाच उपक्रम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात कितीतरी मोठ्या प्रमाणावर राबवला गेला.

विदर्भातल्या ‘विश्राम’ प्रकल्पाची जागा तर नावासकट ओळखीची: अमरावती जिल्ह्यातली तीस गावं, शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी कायमची ठळक झालेली. गावातल्या कार्यकर्त्या, मग समुपदेशक, मग मनोविकारतज्ज्ञ अशी उतरंड तिथे लावली होती. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांप्रमाणे दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात येऊन गेलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. यात एक गोम आहे. शेजारची तशीच तीस गावं तुलनेसाठी घेतलेली नव्हती, त्यामुळे एखाद्या बऱ्या पावसाचं श्रेयही प्रकल्पाच्या खात्यात जमा झालेलं असू शकतं. तरीही मदत घ्यायला पुढे येणाऱ्यांची सहापट वाढ पावसाने होत नाही. ‘गावातले लोक मानसिक त्रासाबद्दल बोलतच नाहीत’ हे शहरी मत तिथे निकालात निघालं.

या सगळ्यातून घरात बसून करण्याजोगं काय उरतं? थोडं उरतं, आणि ते वापरून पाहण्यासारखं आहे.

डोक्यात फिरणाऱ्या काळज्या कागदावर उतरवायच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका पाच भेटींच्या पद्धतीत त्यांचे ढीग करायला शिकवतात: सुटण्याजोग्या, न सुटणाऱ्या आणि मुळात बिनमहत्त्वाच्या. समजा यादीत आहे: पुढच्या महिन्याचा हप्ता, सासऱ्यांचा मोतिबिंदू, लेकीचा अकरावी प्रवेश, ‘तिचं पुढे कसं होणार’, आणि नणंदेने व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा का दिला नाही. शेवटचं खोडता येतं. मोतिबिंदूसाठी तारीख घेता येते. हप्ता चुकणार हे दिसत असेल तर चुकण्याआधी बँकेत जाऊन बोलता येतं. बहुतेक जण चुकल्यावर फोन उचलायचे बंद करतात आणि तिथून पुढे प्रत्येक रिंगला छातीत धस्स होतं. ‘तिचं पुढे कसं होणार’ मात्र आज रात्री कुणालाच सोडवता येणार नाही. तरी रात्री तीन वाजता नेमकं तेच उठून बसतं.

त्याच्यासाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये एक युक्ती मांडली. काळजी करायला दिवसातली एक वेळ आणि एक जागा ठरवायची. रोज अर्धा तास, तीच खुर्ची. अंथरूण नाही. दिवसभरात काळजी आली की तिला सांगायचं, साडेसहाला बघू, आणि हातातल्या कामाकडे वळायचं. साडेसहाला खरोखर बसायचं आणि मन लावून काळजी करायची. वाचताना हसू येतं. पण ‘विचार करू नकोस’ ही आज्ञा मन कधीच पाळत नाही, ‘नंतर कर’ ही पुष्कळदा पाळतं. आणि सकाळी दहाला राक्षसासारख्या वाटलेल्या गोष्टी संध्याकाळी त्या खुर्चीत बसल्यावर काहीशा शिळ्या होऊन येतात.

श्वासाबद्दल आपल्याला कुणी शिकवायला नको, असं आपल्याला वाटतं. प्राणायाम म्हणून जे दाखवलं जातं त्यात बरंच जोरकस असतं. घाबरलेल्या माणसाने ते करू नये. त्याने सावकाश, पोटाने, मिनिटाला साधारण सहा श्वास घ्यावेत आणि सोडताना जास्त वेळ लावावा. त्याने हृदयाचे ठोके खाली येतात, अंगाचा गजर थोडा मंद होतो. कर्ज फिटत नाही. पण बँकेच्या साहेबासमोर आवाज कापरा होत नाही, हेही काही कमी नाही.

विचारांच्या पातळीवर काम करायचं असेल तर मराठीत एक चांगली परंपरा आधीच तयार आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती किशोर फडके यांनी मराठीत आणली आणि रुजवली. एलिस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार तीन दशकांहून अधिक काळ चालला. ठाण्यात १९९० मध्ये सुरू झालेल्या आयपीएच या संस्थेने आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती घरोघर पोचवली. एलिस यांचं म्हणणं असं की घटना आणि त्रास यांच्या मधोमध आपली एक हट्टी मागणी बसलेली असते. मुलाला ८२ टक्के पडले ही घटना. ‘नव्वदच्या वर पडायलाच हवे होते, नाहीतर सगळं संपलं’ ही मागणी. झोप उडते ती मागणीने. ‘पडले असते तर बरं झालं असतं’ इथपर्यंत माणूस आला, तर वाईट वाटतं, पण जेवण जातं. इथेही ८२ हे चांगलेच गुण आहेत असं स्वतःला पटवायचं नसतं.

हे सगळं कुठवर पुरतं? उदासी किंवा कशातच रस नसणं जवळजवळ रोज, दोन आठवडे टिकलं, तर स्वतःच्या उपायांवर विसंबू नये. काळजी महिनोन्‌महिने, बहुतेक दिवस, आवरता न येणारी असेल आणि तिच्यासोबत झोप, लक्ष, अंगदुखी यांचा बोजवारा उडाला असेल, तरीही तेच. छातीत पहिल्यांदाच दुखलं तर ते ताणाचं आहे असं घरी ठरवू नये, ईसीजी काढावा. मरणाचा विचार येत असेल तर वाट पाहू नये. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, फोनला पैसे पडत नाहीत.

आणि झोपेची अर्धी गोळी. अल्प्राझोलाम. मध्यमवर्गीय घरांच्या औषधांच्या डब्यात ती असतेच, शेजारणीकडून उसनीही मिळते. कायद्याने ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. थोडे दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली ती उपयोगी पडते. महिनोन्‌महिने घेतली की शरीराला तिची सवय लागते, एकदम बंद केली तर काळजी दुप्पट होऊन परतते, आणि म्हाताऱ्या माणसांचा रात्री तोल जातो. ही अर्धी गोळी अनेक वर्षं चालू असलेल्या कुणालाही घाई करायला सांगू नये; डॉक्टरच्या मदतीने ती हळूहळू कमी करतात.

आता धोरणाची बाजू. गोवा-पेठ-अमरावतीचे धडे सरकारने उचलायचे म्हटलं, की नजर आपोआप आशा सेविकांवर जाते. मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात त्यांना गोव्याच्या धर्तीचं समुपदेशन शिकवण्याचे प्रयोग झालेही आहेत. त्या हे काम करू शकतील, याबद्दल मला शंका नाही. गावात कुणाची चूल उशिरा पेटते हे त्यांना कुणाहीपेक्षा आधी कळतं. पण २००५ पासून त्या कागदोपत्री स्वयंसेविकाच आहेत, मोबदला कामागणिक मोजला जातो, आणि महाराष्ट्रात २०२३-२४ च्या हिवाळ्यात मानधनवाढीसाठी त्या आझाद मैदानात उतरल्या होत्या. पेठेतले कार्यकर्तेही बिनपगारीच होते.

गोव्यातल्या समुपदेशकांची एक सोय मात्र कुणी सहसा सांगत नाही. ते एकत्र बसायचे, एकमेकांच्या भेटींचं ध्वनिमुद्रण ऐकायचे, गुण द्यायचे, कुठे घाई केली, कुठे ऐकायचं सोडून सल्ला दिला ते सांगायचे. कामाचा दर्जा त्यानेच टिकला. दिवसभर दुसऱ्यांची रड ऐकून आलेल्या माणसाला तिथे स्वतःचं बोलायलाही जागा मिळते. तो वेळ पगारी होता, कारण ती माणसं नोकरीवर होती. आशा सेविकेकडे गरोदर बायांची नोंद, लसीकरण, क्षयरोग्यांच्या गोळ्या, सर्वेक्षणं आणि मोबाइल अ‍ॅपमध्ये माहिती भरणं आधीच आहे. त्या यादीत समुपदेशन घालायचं असेल, तर आरोग्य खात्याने त्याचे पैसे किती आणि यादीतलं कोणतं काम काढून टाकणार, हे आधी जाहीर करावं.